रानहळद बागेत लावताना: बेणं निवडण्यापासून गड्डे फोडण्यापर्यंत

पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवर, कारवीच्या सावलीत किंवा कातळाच्या कडेला जांभळट गुलाबी तुऱ्याची आणि खाली पिवळ्या फुलांची कणसं दिसतात. ती रानहळद. काही भागांत तिला शिंदळवण म्हणतात, शास्त्रीय नाव कुर्कुमा स्यूडोमोंटाना. ती इथलीच, बहुवर्षायू आणि जमिनीखालच्या गड्ड्यांनी हळूहळू पसरणारी वनस्पती आहे. एकदा बस्तान बसलं की फारसे लाड मागत नाही. तरीही घरच्या बागेत ती बहुतेकांकडे दुसरा पावसाळा पाहत नाही. पहिल्या वर्षी पानं येतात, कधी फूलही येतं, आणि पुढच्या जूनमध्ये कुंडीतून काहीच वर येत नाही.

याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. रानहळद सहसा पावसाळ्यात मरत नाही, ती मरते नोव्हेंबर ते मे या काळात, जेव्हा ती दिसत नसते. त्या काळात तिला पाणी मिळत राहतं, ती कुजते, आणि ते कळतं सहा महिन्यांनी. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती रचल्या आहेत, म्हणून त्यांचा क्रम बदलू नका.

आधी तिचं वर्ष समजून घ्या

मेअखेरच्या वळवाच्या सरींनी किंवा नुसत्या दमट उष्म्यानेही गड्ड्याला कोंब फुटतो. जून-जुलैत पानं वाढतात. याच सुमारास काही फुलोरे पानांशेजारी थेट जमिनीतून येतात, तर ऑगस्ट-सप्टेंबरचे फुलोरे पानांच्या मधून. ऑक्टोबरपासून पानं पिवळी पडू लागतात, डिसेंबरपर्यंत जमिनीवर काही उरत नाही. मग मेपर्यंत पूर्ण विश्रांती.

मुळांच्या टोकांना बदामाएवढ्या फुगीर गाठी असतात. विश्रांतीचे महिने झाड या साठ्यावर काढतं. पाणी आणि अन्न दोन्ही त्याने आधीच भरून ठेवलेलं असतं. वरून दिलेलं पाणी त्या काळात प्यायला कोणी नसतं, ते मातीत साचून बुरशीच्या कामी येतं.

१. बेणं मिळवणं (फेब्रुवारी ते एप्रिल)

जंगलातून उपटून आणू नका. राखीव वनातून किंवा अभयारण्यातून कंद काढणं कायद्याने गुन्हा आहे, आणि तो नसता तरी आणू नयेच. फुललेलं झाड ऑगस्टमध्ये उपटलं तर त्याच्या मुळांच्या गाठी अर्ध्यामुर्ध्या भरलेल्या असतात, त्यातल्या निम्म्या मातीतच तुटून राहतात. असं झाड घरी येऊन क्वचितच जगतं. म्हणजे रानातलंही गेलं आणि बागेतलंही.

बेणं दोन ठिकाणी मिळतं: देशी झाडांची रोपं स्वतः वाढवणाऱ्या रोपवाटिका, आणि ज्यांच्याकडे जुना गड्डा आहे असे बागकामवाले. रोपवाटिकेत "हे कुठून आलं?" असं सरळ विचारा. स्वतःच्या बेण्यापासून वाढवणारा माणूस तुम्हाला मूळ झाड दाखवू शकतो. ज्याला दाखवता येत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

ओळख पटवण्यात दोन चुका वारंवार होतात. पहिली, गुलाबी फुलोरा पाहून सियाम ट्युलिप घेतली जाते. तीही हळदीच्याच कुळातली, पण थायलंड-कंबोडियाकडची. तिची पानं अरुंद आणि फुलोरा उंच सडपातळ दांड्यावर असतो. दुसरी, रानहळद म्हणून काळी हळद दिली जाते. काळ्या हळदीच्या पानात मधल्या शिरेच्या बाजूने जांभळा पट्टा असतो. रानहळदीचं पान साधं हिरवं, रुंद आणि शिरा ठळक असलेलं असतं, आणि तिचं खरं फूल गर्द पिवळं असतं. गुलाबी दिसतात ती फुलं नव्हेत, वरच्या टोकाची रंगीत छदं, म्हणजे फुलाला आधार देणारी पानासारखी आवरणं आहेत. नुसत्या गड्ड्यावरून ओळख ठरवू नका. शक्यतो आदल्या पावसाळ्यात झाड फुललेलं पाहून ठेवा आणि उन्हाळ्यात त्याचंच बेणं मागा.

तपासणी: गड्डा अंगठ्याने दाबून पाहा. टणक लागला पाहिजे. दबला, ओलसर लागला किंवा आंबूस वास आला तर परत द्या. निदान एक फुगीर डोळा हवा आणि मुळांच्या काही गाठी अजून चिकटलेल्या हव्यात. "स्वच्छ" दिसावा म्हणून सगळी मुळं छाटलेला गड्डा घेऊ नका. त्याचा साठाच कापून टाकलेला असतो.

इशारा: ही स्वयंपाकातली हळद नव्हे. खाण्यासाठी किंवा घरगुती औषध म्हणून वापरू नका.

२. जागा निवडणं

सकाळचं ऊन आणि दुपारची विरळ सावली, एवढं तिला पुरतं. पश्चिमेच्या उघड्या गॅलरीत पानांच्या कडा करपतात. दाट आंब्याखाली पानं उंच आणि लुळी होतात, फुलोरा येत नाही. सगळ्यांत चांगली जागा म्हणजे पानगळी झाडाखालची. पांगारा, देवचाफा, बहावा यांच्या खाली पावसाळ्यात गाळीव उजेड मिळतो आणि त्यांचा वाळलेला पाला आयतं आच्छादन होतो.

पण जागा ठरवताना उन्हापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. जानेवारीत या जागेला पाणी मिळतं का?

कोकणात हमखास होणारी चूक म्हणजे माडाच्या किंवा पोफळीच्या आळ्यात रानहळद लावणं. जागा सावलीची, माती भुसभुशीत, पावसाळ्यात झाड फोफावतं. मग दिवाळीनंतर शिंपणं सुरू होतं, आळं दर दोन-चार दिवसांनी भरतं आणि झोपलेला गड्डा चिखलात पडतो. केळीचं आळं, हिरवळीची कड, ठिबकच्या नळीखालचा वाफा, मोरीचं सांडपाणी जिथे मुरतं ती परसातली जागा, या सगळ्यांची गत तीच. सोसायटीच्या बागेत माळी रोज सकाळी सरसकट पाइप फिरवतो, तिथे तर जमिनीत लावूच नका. कुंडीत लावा, म्हणजे हिवाळ्यात उचलून बाजूला ठेवता येईल.

तपासणी: हातभर खोल नाही, वीतभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, ते मुरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांत मुरलं तर जागा ठीक. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर तिथे सपाट जमिनीत लावू नका, पुढे सांगितल्याप्रमाणे उंच वाफा करा.

३. माती तयार करणं (मेचा मध्य)

कोकणातली लाल जांभ्याची माती तिला मानवते. तिथे फक्त वीतभर खोल खणून कुजलेला पालापाचोळा मिसळायचा.

देशावरच्या आणि विदर्भाच्या काळ्या मातीत जास्त काम आहे. ही माती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते, दोन्ही गोष्टी गड्ड्याला मारक. जमिनीपासून २० ते २५ सेंमी उंच गादीवाफा करा. त्यात दोन भाग माती, एक भाग पालापाचोळ्याचं खत आणि एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा घाला. वाळू म्हणून बांधकामाची बारीक कच वापरू नका, ती चिकणमातीबरोबर बसून घट्ट होते.

कुंडीसाठी मिश्रण हेच. कुंडी खोलपेक्षा पसरट हवी, तोंड निदान १२ इंच, तळाला चार-पाच भोकं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, टाळा. तयार मिश्रणात ते असतंच, आणि पावसाळ्यात आठवडा आठवडा ओलं राहतं. वरचा थर कोरडा दिसतो, आत बोट घातलं की स्पंजासारखं पाणी निघतं.

शेणखत पूर्ण कुजलेलं, काळं आणि वास नसलेलं असेल तरच घ्या. अर्धकच्च्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या येतात. त्या मुळांच्या गाठी खातात आणि वरून काही समजत नाही. खत घालण्याआधी एक पाटी खत कागदावर पसरून चाळा. इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर वेचून काढा.

४. लागवड (रोहिणी नक्षत्रात, म्हणजे २५ मे ते ७ जूनच्या सुमारास)

मृगाचा पाऊस बसायच्या आत गड्डा मातीत गेला पाहिजे. जोराच्या पावसात, चिखलात केलेली लागवड अर्धी फसते, कारण ताज्या जखमा बांधायला गड्ड्याला कोरडे दिवस मिळत नाहीत.

क्रम असा ठेवा:

आणलेले गड्डे दोन दिवस सावलीत, वर्तमानपत्रावर पसरून ठेवा. तुटलेल्या जागा सुकून खरखरीत झाल्या पाहिजेत. ट्रायकोडर्माची (कुजवणाऱ्या बुरशीला आवर घालणाऱ्या उपयोगी बुरशीची) भुकटी वापरायची असेल तर पाकिटावरच्या प्रमाणात शेणखतात मिसळून ती लागवडीच्या खड्ड्यात घाला. हळदीच्या शेतीत कंदकूज रोखण्यासाठी ती वापरतात, इथेही चालते.

खड्डा असा घ्या की गड्ड्याचा माथा मातीखाली ५ ते ६ सेंमी राहील. मुळांच्या गाठी खाली मोकळ्या सोडा, दुमडून कोंबू नका. डोळा वर. डोळा कुठला हे कळत नसेल तर गड्डा आडवा ठेवा, कोंब आपला मार्ग काढतो. दोन गड्ड्यांत २५ ते ३० सेंमी अंतर. आता ते फार वाटेल, पण तिसऱ्या वर्षी पुरणार नाही. बारा इंची कुंडीत एकच गड्डा.

माती हाताने हलकी दाबा, पायाने नव्हे. वर वाळक्या पानांचा दोन-तीन बोटं जाड थर द्या. माती अगदी धूळ असेल तर एकदा झारीने पाणी द्या आणि थांबा.

बाजूला बांबूची काडी खोवा आणि ती वर्षभर तशीच राहू द्या. हिवाळ्यात जागा मोकळी दिसते आणि कोणीतरी तिथे कुदळ घालून मेथी पेरतं, असं फार वेळा होतं.

इशारा: कोंब यायला दोन ते चार आठवडे लागतात. "जगलंय का" म्हणून उकरून पाहू नका. कोवळा कोंब नखाच्या धक्क्यानेही मोडतो. मोडला तर गड्डा दुसरा कोंब काढतो खरा, पण त्या वर्षीचं फूल बहुधा जातं.

५. पावसाळ्यातली निगा

या चार महिन्यांत करण्यासारखं थोडं आणि पाहण्यासारखं पुष्कळ असतं. पाऊस आठवडाभर दडी मारून बसला तरच पाणी द्या. युरिया देऊ नका. पानं माणसाच्या मांडीपर्यंत जातील, फूल मात्र येणार नाही, आणि लुसलुशीत खोडाला कीड लवकर लागेल. जुलैअखेर बुडाशी ओंजळभर चाळलेलं खत टाकून मातीची हलकी भर द्या. हळदीला देतात तशीच, पण दोन-तीन सेंमीपेक्षा जास्त नको.

तण हाताने उपटा, खुरपं लावू नका. याचं कारण जुलैत कळतं. शेजारून येणारा फुलोरा जमिनीतून वर डोकावतो तेव्हा तो फिकट हिरवट-गुलाबी, घट्ट मिटलेल्या टोकासारखा दिसतो आणि पानांपासून चार बोटं लांबही निघू शकतो. बघता बघता तण समजून तो खुरपला जातो. तो वर आला की दोन-तीन दिवस रोज पाहा. खालच्या हिरव्या छदांच्या खिशात पावसाचं पाणी साठतं आणि त्या खिशांतून एकेक पिवळं फूल बाहेर येतं. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खिशातलं. वरचा गुलाबी तुरा मात्र दोन-तीन आठवडे रंग धरून असतो.

पहिल्या वर्षी फूल आलं नाही तर काही बिघडलेलं नाही. गड्डा आधी गाठी भरतो, मग फुलतो. निरोगी पाच-सहा पानं दिसली की वर्ष कामी आलं.

आता त्रासदायक गोष्टी.

गोगलगायी कोवळी पानं रात्रीतून चाळण करतात. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वेचणं हाच खात्रीचा उपाय. ओलं गोणपाट वाफ्याशेजारी पसरून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या सापडतात. हातमोजे घाला. मीठ वाफ्यात टाकू नका, गोगलगायीबरोबर मातीही बिघडते.

मधलं पान वाळून पिवळं झालं, ओढल्यावर सुटून आलं, खोडाला छिद्र आणि त्याबाहेर भुशासारखी विष्ठा दिसली, तर तो खोडकिडा. तेवढा कोंब बुडापासून कापून अळीसकट नष्ट करा. शेजारचे कोंब सहसा वाचतात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ऐन जुलै-ऑगस्टमध्ये खालची पानं पिवळी पडणं. याला विश्रांतीची सुरुवात समजू नका. बुडाशी हात घालून कोंब हलकेच ओढा. तो सहज निघून आला, बूड मऊ आणि दुर्गंधीयुक्त असलं, तर ती कूज आहे. त्याच दिवशी गड्डा काढा, मऊ भाग टणक पांढरट-पिवळसर भाग लागेपर्यंत कापा, कापलेल्या जागी राख किंवा ट्रायकोडर्मा लावा, दोन दिवस आडोशाला सुकवा आणि नव्या, निचऱ्याच्या मातीत लावा. जुन्या मातीत परत लावलं तर ते कुजणारच.

तपासणी: जोराचा पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने कुंडीच्या वर पाणी साचलेलं दिसतं का? दिसलं तर तळाची भोकं बुजली आहेत. काडीने मोकळी करा, कुंडी दोन विटांवर ठेवा, खालची थाळी काढून टाका.

गौरीसाठी किंवा घरात ठेवायला फुलोरा हवा असेल तर शेजारून आलेला, दांड्यासकट कापा. मधून आलेला कापताना भोवतालची पानं छाटू नका, पुढच्या वर्षीचा साठा याच पानांतून खाली जायचा असतो.

६. पाणी तोडणं (हस्त सरल्यानंतर)

ऑक्टोबरच्या मध्यापासून कुंडीचं पाणी कमी करा, महिनाअखेर बंद करा. पानं पिवळी पडायला लागली की घाबरून पाणी आणि खत देण्याचा मोह होतो. ते अजिबात करू नका. याच दिवसांत पानांतलं अन्न गाठींत उतरतं.

बाग नीटनेटकी दिसावी म्हणून पिवळी पानं लगेच कापली जातात, तेही चूक. पान पूर्ण वाळून तपकिरी झालं, हलक्या हाताने ओढल्यावर आपोआप सुटलं, की काढा. त्याआधी कात्री लावली तर एका वर्षाचा साठा कमी होतो. सतत दोन-तीन वर्षं असं झालं की झाड लहान होत होत संपतं, आणि मालकाला वाटतं की जागा मानवली नाही.

७. विश्रांती (डिसेंबर ते मे)

जमिनीतला गड्डा जमिनीतच राहू द्या. काढून, धुऊन, फडताळात ठेवायची गरज नाही. वरचा पाला तसाच ठेवा, त्याने उन्हाळ्यात माती तापत नाही.

कुंडी उचलून पागोळ्या पडणार नाहीत, अवकाळी पाऊस लागणार नाही अशा सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. "विश्रांतीत, पाणी नको" अशी चिठ्ठी कुंडीला बांधा, विशेषतः घरात दुसरं कोणी पाणी घालत असेल तर. रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीला दयेपोटी रोज तांब्याभर पाणी मिळत राहतं आणि तिथेच खेळ संपतो. बहुतेक रानहळदी गच्चीवर अशाच जातात.

एक अपवाद. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लहान कुंडीतली माती भट्टीसारखी तापते. तिथे कुंडी भिंतीच्या उत्तर बाजूला किंवा जिन्याखाली न्या, आणि मार्चपासून महिन्यातून एकदा वरून हलका शिडकावा द्या, माती जेमतेम दमट होईल इतकाच.

डोंगरालगतच्या गावांत साळिंदर आणि रानडुकरं गड्डे उकरतात, शहरात घुशी. वाफ्यावर तारेची जाळी आडवी अंथरून कडा दगडांनी दाबा. कोंब दिसू लागले की जाळी काढा.

तपासणी: मार्चमध्ये एकदाच, कडेची थोडी माती बोटाने सारून एक गाठ चाचपून पाहायला हरकत नाही. टणक असेल तर लगेच झाका. सुरकुतली असेल तर शिडकाव्याची गरज आहे, मऊ असेल तर ओल कुठून येते ते शोधा.

८. गड्डा फोडणं (तिसऱ्या वर्षापासून, एप्रिल-मेमध्ये)

रानहळद पसरते, पण बाग गिळत नाही. एका गड्ड्याचे दोन-तीन वर्षांत पाच-सहा होतात. कुंडीत ते कडेला टेकले, किंवा फुलोरे कमी आणि पानं दाट झाली, की फोडायची वेळ आली. दरवर्षी फोडू नका. प्रत्येक वेळी मुळं तुटतात आणि झाडाचं एक वर्ष ती भरून काढण्यात जातं.

वेळ कोंब फुटायच्या अगदी आधीची. पानं गेल्याबरोबर डिसेंबरमध्ये फोडले तर जखमी गड्डे पाच महिने वाळत पडतात, जुलैत फोडले तर कुजतात.

कुंडी दोन दिवस उन्हात ठेवा म्हणजे माती सुटेल, मग आडवी करून पूर्ण गोळा बाहेर काढा. जमिनीत असेल तर गड्ड्यापासून वीतभर लांब फावडं घाला आणि चारही बाजूंनी उचला. माती हाताने झाडा, धुऊ नका. गड्डे जिथे नैसर्गिकरीत्या अरुंद झाले आहेत तिथे हातानेच मोडा. मोडले नाहीत तरच कोरड्या धारदार चाकूने कापा. प्रत्येक तुकड्याला निदान एक डोळा आणि मुळांच्या तीन-चार गाठी राहिल्या पाहिजेत. नुसती सुटलेली गाठ लावून उपयोग नाही, तिला डोळा नसतो, ती उगवत नाही.

तुकड्यांच्या जखमा राखेत बुडवा, तीन दिवस सावलीत वाळवा, आणि पायरी चारप्रमाणे लावा. आधीची जागा कुजीमुळे बिघडलेली असेल तर तिथे निदान दोन वर्षं हळदीच्या कुळातलं काही लावू नका. आलं, कर्दळीसारखं दिसणारं गुलबकावली, तेही नको.

उरलेले तुकडे लोकांना द्या. देताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत घाम धरून दोन दिवसांत बुरशी येते. वर्तमानपत्रात गुंडाळा आणि कागदावर लिहून द्या: माथा दोन-तीन बोटं खोल, मृगाच्या आत लावा, दिवाळीनंतर मेपर्यंत पाणी बंद.